सावली सोबत घेऊन विजापूर: बेचाळीस अंशात आमची घरगाडी

मे महिन्यात विजापूरला जायचं मी जाहीर केलं, तेव्हा घरात सगळे एकदम बोलायला लागले. माझे थोरले दीर, ज्यांना आम्ही सगळे आण्णा म्हणतो, त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, की त्याला मारायला नेतेस काय. 'त्याला' म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाला, माझ्या नवऱ्याला, महादेवला. (तोंडावर मी 'अहो'च म्हणते. लिहिताना नाव घेते. इथं मला कोण अडवणार?)

आण्णांचं चुकत होतं असं नाही. महादेवला सहा वर्षांपूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिस झाल्याचं निदान झालं. डॉक्टरांनी सोप्या भाषेत सांगितलं होतं: नसांवरचं आवरण झिजतं, मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत नीट पोचत नाही. आणि अंग तापलं की जो थोडाफार निरोप पोचतो, तोही वाटेत अडकतो. पाय जड होतात, नजर धूसर होते, जीभ अडखळते. गारवा मिळाला की तासाभरात माणूस बहुतेक पूर्वीसारखा होतो. पण त्या तासात तो पडू शकतो, आणि पडला तर उठू शकत नाही.

हा तोच माणूस, ज्यानं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फाउंड्रीत बावीस वर्षं भट्टीपुढं काढली. वितळलेल्या लोखंडापुढं उभं राहून डबा खाणारा माणूस. आता पस्तीस अंशांत त्याला दारापर्यंत जाता येत नाही. निदान झाल्यापासून दर वर्षी मार्च ते जून तो एका खोलीत, एका एसीखाली काढायचा. खिडकीला जाड पडदा. आम्ही सगळे मिळून त्याची काळजी घ्यायचो, आणि त्या काळजीत तो हळूहळू बोलायचा थांबला होता.

मग थंडीत का नाही जात, असं तुम्ही विचाराल. सगळ्यांनीच विचारलं. कारण मी हातकणंगल्याच्या एका शाळेत गणित शिकवते, आणि सलग सुट्टी मला उन्हाळ्यातच मिळते. आणि दुसरं कारण म्हणजे, मला आता त्या खोलीचा राग आला होता.

घरगाडीच का, हॉटेल का नाही, हेही सांगून टाकते, कारण असाच आजार घरात असलेले लोक हे वाचत असतील. या आजारात लघवी रोखता येत नाही. दर तासा-दीड तासाला स्वच्छतागृह लागतं, आणि आपल्या रस्त्यांवर ते मिळत नाही. मध्येच आडवं व्हावं लागतं. हॉटेलांच्या खोल्या पहिल्या मजल्यावर असतात आणि लिफ्ट बंद असते. म्हणून एका शाळेची जुनी डिझेल व्हॅन घेतली आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये तिच्यात पलंग, ओटा आणि पडद्याआड कमोड बसवला. नकाशा महादेवनं काढला. हात थरथरत होते, पण मापं अचूक होती.

गाडी गार ठेवणं हेच खरं काम होतं. गाडीचा एसी इंजिन चालू असतानाच चालतो, आणि तोही मागच्या पलंगापर्यंत धड पोचत नाही. थांबलं की पत्र्याचा डबा, आणि डब्याची पंधरा मिनिटांत भट्टी. आम्ही काय काय केलं ते सांगते. छताला गच्चीवर मारतात तो पांढरा, ऊन परतवणारा रंग दिला. आतून छताला आणि भिंतींना उष्णतारोधक शीट लावून वर प्लायवूड ठोकलं. खिडक्यांसाठी चंदेरी शीटचे तुकडे कापले. हे तुकडे काचेच्या बाहेरून लावायचे, आतून नव्हे. काच तापल्यावर आतून कितीही झाका, ऊन घरात आलेलंच असतं. छतात एक पंखा बसवला जो हवा बाहेर फेकतो, आणि सावलीच्या बाजूला खाली एक झरोका ठेवला. गरम हवा वरून जाते, गार हवा खालून येते. त्या झरोक्याला वाळ्याचा पडदा, त्यावर पाणी शिंपडायचं. छतावर सौर पॅनेल, आत बॅटरी, बॅटरीवर चालणारा छोटा कूलर. आणि भिंतीवर तापमापक, कारण मला आकड्यांशिवाय चैन पडत नाही.

निघालो तेव्हा पहाटेचे साडेपाच झाले होते. आण्णा दारात आले नाहीत. जाऊबाईंनी मात्र डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी भरून दिली आणि हळूच सांगितलं, की रोज फोन कर, मला कर, त्यांना नको. गाडी मी चालवत होते. व्हॅन चालवायला मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शिकले, हे इथं मुद्दाम नोंदवते.

पहिल्या दिवशी जास्त पल्ला नको होता. हातकणंगले, जयसिंगपूर, मग शिरोळवरून नृसिंहवाडी. जयसिंगपुरात एका गाड्यावर पोहे खाल्ले. गाडेवाल्यानं व्हॅनच्या आत डोकावून बघितलं आणि कमोड दिसल्यावर गंभीरपणे म्हणाला, पावणं, हे बेस केलंसा. वाडीला बासुंदी घेतली आणि कुरुंदवाडवरून खिद्रापूर गाठलं. शेवटचा रस्ता अरुंद आहे, समोरून उसाचा रिकामा ट्रॅक्टर आला तर कोणीतरी मागं घ्यायचं असतं. मीच घेतलं. आठच्या सुमाराला देवळापाशी होतो.

खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ फोटोत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. फोटोत एक गोष्ट येत नाही, ती म्हणजे त्या दगडाचा गारवा. स्वर्गमंडपाला वर गोल छेद आहे, मोकळं आकाश दिसतं. महादेव काठी टेकत आत आला आणि खांबाला पाठ लावून खाली बसला. तो बराच वेळ वरच्या त्या गोलाकडं बघत होता. मी कोरीवकाम बघत होते, तो हवा बघत होता. नंतर म्हणाला, की गरम हवा बाहेर फेकायचा पंखा आपण छतात बसवला, यांनी पंखाच ठेवला नाही, नुसतं भोक ठेवलं. फाउंड्रीतल्या माणसाला देवळात धुराडं दिसतं, याचं मला हसू आलं. पण वर्षभरात त्यानं आपणहून इतकं लांब वाक्य बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

दुपारी विचारून एका मोठ्या चिंचेखाली गाडी लावली. बाहेर अडतीस, आत एकतीस. मी खूश. पण कूलर लावला तर अंगाला चिकचिक व्हायला लागली. नदी जवळ, हवा दमट. अशा हवेत कूलर आणखी पाणी सोडतो, घाम सुकत नाही, आणि महादेवला ते सहन होत नाही. कूलर बंद केला, नुसता छतातला पंखा ठेवला, मानेवर ओला टॉवेल टाकला, तेव्हा त्याला बरं वाटलं. नदीकाठी कूलर नको, कोरड्या मुलखात हवाच, एवढं लक्षात ठेवा.

याच दिवशी मी एक चूक केली, आणि ती माझ्या लक्षातही आली नाही. आम्ही दिवसभर सावलीत होतो. सावलीत सौर पॅनेलला ऊन मिळत नाही. पंखा संध्याकाळपर्यंत आणि नंतर रात्रभर चालला. बॅटरी जवळजवळ रिकामी झाली. मुलांना मी सोपी वजाबाकी चुकली म्हणून ओरडते.

दुसऱ्या दिवशी सहाला निघालो. शिरोळ, मिरज, म्हैसाळ, कागवाड. कागवाडला पाट्या बदलतात, कन्नड सुरू होतं. महादेवची आई तिकडची, त्यामुळे तो घरात जितका मराठी, तितकाच कन्नड. सीमा ओलांडल्यावर तो पुढच्या सीटवर सरसावून बसला आणि पाट्या मोठ्यानं वाचायला लागला. रस्ता चांगला आहे. डाव्या-उजव्या बाजूला ऊस संपत जातो आणि द्राक्षबागा सुरू होतात, मग त्याही विरळ होतात आणि उघडा माळ लागतो.

अथणीला नऊला पोचलो. इडली-वडा खाल्ला. अकराच्या आत विजापूर गाठायचं आणि मग पाच वाजेपर्यंत सावलीत पडून राहायचं, असा माझा बेत होता. पण अथणी चपलांचं गाव आहे. आम्ही कोल्हापूरचे, आणि चपला घ्यायला अथणीत थांबलो, हे कोल्हापुरात सांगायची सोय नाही. महादेवचा उजवा पाय घासत चालतो, त्यामुळे चप्पल निघून पडते. एका कारागिरानं पाय बघितला, काही विचारलं नाही, आणि चपलेला मागून एक पट्टा शिवून देतो म्हणाला. त्याला वेळ लागला. महादेव त्याच्याशी कन्नडमध्ये कातड्याच्या जाडीवर बोलत बसला होता आणि इतका रमला होता, की घड्याळ बघूनही मी त्याला उठवलं नाही. निघालो तेव्हा अकरा वाजून गेले होते. मी डॅशबोर्डवर चार्जिंगचा लाल दिवा अधूनमधून लुकलुकताना पाहिला होता. विजापुरात बघू, म्हटलं.

अथणी आणि तिकोट्याच्या मध्ये, जिथं दोन्ही बाजूंना एक झाड नाही, तिथं बॉनेटखालून फटका मारल्यासारखा आवाज आला आणि इंजिनचा काटा वर चढायला लागला. मी गाडी बाजूला घेतली. इंजिनचा पट्टा, म्हणजे फॅनबेल्ट, तुटला होता. पट्टा तुटला म्हणजे इंजिनचं पाणी फिरत नाही, एसी नाही, चार्जिंग नाही. सव्वाबारा वाजले होते. बाहेर बेचाळीस.

मी घाईनं सगळं केलं. काचांना बाहेरून शीट लावले, महादेवला मागं आडवं केलं, वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारलं, कूलर लावला. कोरड्या हवेत कूलर सुंदर चालला. वीस मिनिटं. मग पंख्याचा आवाज खाली खाली येत गेला आणि बंद झाला. बॅटरी संपली होती, आणि ती रिकामी असली की नुसत्या पॅनेलवर काहीच चालत नाही.

आतला तापमापक तेहतीसवरून चाळिसाकडं निघाला. आमचं ते सगळं इन्सुलेशन उष्णता उशिरा आत येऊ देत होतं, पण येऊ देतच होतं. आणि एकदा आत आली, की तितक्याच हट्टानं बाहेर जाऊ देत नव्हतं. मी महादेवच्या कपाळावर ओला टॉवेल ठेवला आणि पाणी पाजलं. त्यानं माझं नाव घ्यायचा प्रयत्न केला आणि 'शैला'मधला 'ल' त्याच्या जिभेवर आलाच नाही. त्याला उठवायला गेले तर दोन्ही पाय ओल्या पोत्यासारखे. मी रस्त्यावर उतरून हात केला. एक ट्रक गेला, एक मोटार गेली. मला आण्णांचा चहाचा कप दिसत होता.

रस्त्यापासून शंभरेक पावलांवर हिरव्या जाळीची एक लांबच लांब शेड होती. तिथून एक बाई येताना दिसली. साठीची, डोक्यावरून पदर, अंगात पुरुषाचा शर्ट. तिनं गाडीत डोकं घातलं, महादेवकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"यव्वा, ह्यास्नी डब्यात का शिजवाया लागलीस?" ती म्हणाली. "खाली उतरव."

मी म्हटलं, की ते चालू शकत नाहीत. तिनं शेडकडं तोंड करून कन्नडमध्ये हाळी दिली. तीन बाया एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन आल्या. महादेवला खुर्चीत बसवलं, चौघींनी खुर्चीचे चार पाय धरले आणि त्याला उचलून माळावरून घेऊन गेल्या. मी मागून छत्री धरून पळत होते. बावीस वर्षं लोखंड ओतलेल्या त्या माणसानं डोळे मिटून घेतले होते. ते उन्हामुळे नव्हतं, हे मला माहीत होतं.

ती बेदाण्याची शेड होती. बाईचं नाव गौरव्वा, शेड तिचीच. तुम्ही पाहिली नसेल तर सांगते: वर छप्पर, चारी बाजूंनी हिरवी जाळी, आणि आत एकावर एक जाळ्यांचे मजले, त्यांच्यावर द्राक्षं पसरलेली. हंगाम संपत आला होता, अर्धे मजले रिकामे होते. आत पाऊल टाकलं आणि वाऱ्याची झुळूक लागली. तो वारा कुठून येत होता, देव जाणे. बाहेर तर वाऱ्याचा पत्ता नव्हता. गाडीतून काढून आणलेल्या तापमापकात आकडा छत्तीस होता, म्हणजे फार काही कमी नाही. पण छत्तीस अंशांचा वाहता वारा आणि चाळीस अंशांची कोंडलेली हवा, यांत माणूस जगतो किंवा जगत नाही.

बायांनी त्याच्या पायांवर ओली सुती साडी गुंडाळली. माठातलं पाणी दिलं, थोडं थोडं. गौरव्वानं मला कोपऱ्यात बसवलं आणि ताक दिलं.

तेवढ्यात फोन वाजला. आण्णा होते. मी खरं सांगितलं, खोटं बोलायची ताकद नव्हती. ते ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी सांगितलं, की मिरजेहून एसी रुग्णवाहिका पाठवतो, तिथंच थांबा, गाडी तिथंच राहू दे, मी माणूस पाठवून आणवतो. मी हो म्हटलं. लपवून काय करू, मी हो म्हटलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

साधारण तासाभरानं महादेवनं पायाचा अंगठा हलवला. मग पाऊल. मग त्यानं गौरव्वाला कन्नडमध्ये काहीतरी विचारलं आणि ती हसली. त्याची जीभ परत आली होती. मी त्याच्याजवळ जाऊन बसले आणि सांगितलं, की रुग्णवाहिका येतेय.

"तू भ्यालीस," तो म्हणाला. "मी पण भ्यालो. पर आज परत फिरलीस, तर ती गाडी पुन्यांदा दारातनं हलणार न्हाय. आणि मी खोलीतनं."

मी म्हटलं, अहो, तुमचं काही झालं असतं म्हणजे?

"बावीस वर्सं भट्टीपुढं हुतो. रोज काय बी झालं असतं. तवा कुणी न्हाय म्हणालं, घरात बस."

त्यानं माझा फोन मागितला आणि आण्णांना स्वतः लावला. आण्णांच्या समोर न बोलणारा हा भाऊ शांतपणे म्हणाला, की गाडी पाठवू नका, मी बरा हाय, आणि जायचं की न्हाय ते मी ठरवणार. मग फोन माझ्या हातात दिला. आण्णा एवढंच म्हणाले, त्याला पाणी पाज, आणि फोन ठेवला.

मी मात्र माझी अट घातली. यापुढं अकरा ते पाच चाक हलणार नाही, कितीही चपला शिवायच्या असल्या तरी. आणि लाल दिवा दिसला की जागच्या जागी थांबायचं. त्यानं दोन्ही कबूल केलं.

गौरव्वाच्या फोनवरून अथणीचा एक मेकॅनिक मोटारसायकलवर नवा पट्टा घेऊन आला. तो काम करत असताना ती आमच्या गाडीभोवती एक फेरी मारून आली. पांढरं छत, चंदेरी शीट, वाळ्याचा पडदा, सगळं मी तिला अभिमानानं दाखवलं. तिनं छतावर तळहात टेकवला आणि काढून घेतला.

"सावली अंगाला चिकटली की ती बी तापती," ती म्हणाली. "हातभर लांब पायजे. मधनं वारं जाया पायजे. आमची द्राक्षं उन्हात न्हाय वाळत, वाऱ्यात वाळत्यात."

मग तिनं शेडच्या मागून हिरव्या जाळीचा एक जुना तुकडा आणला, चार काठ्या आणल्या, आणि मेकॅनिकच्या मदतीनं तो गाडीच्या छतावर हातभर उंचीवर ताणून बांधला. पॅनेलचा भाग उघडा ठेवला. पश्चिमेच्या बाजूला जाळी खिडक्यांवरून खाली सोडली, तंबूच्या कनातीसारखी. अर्ध्या तासात आतला आकडा पाच अंशांनी उतरला. आम्ही उन्हाला पत्र्यापर्यंत येऊ देत होतो आणि मग आतून त्याच्याशी भांडत होतो. ती त्याला पत्र्यापर्यंत येऊच देत नव्हती. आमचा तो सगळा नकाशा, मापं, शीट, आणि उत्तर एका जाळीत होतं. महादेवनं काठ्यांमधलं अंतर हातानं मोजलं आणि कौतुकानं मान हलवली.

जाळीचे पैसे तिनं घेतले नाहीत. उलट ओंजळभर बेदाणे दिले. निघताना महादेव तिला वाकून नमस्कार करायला गेला आणि तोल जायला लागला, तेव्हा तिनंच त्याला धरलं. गाडी चालवताना जाळी आणि काठ्या काढून आत ठेवायच्या, वाऱ्यानं फाटतात. बांधायला दहा मिनिटं लागतात, सोडायला पाच.

विजापूरला संध्याकाळी सहाला पोचलो. गावाबाहेरच्या एका पेट्रोल पंपावर विचारून गाडी लावली. पंपाच्या मालकानं पाण्याचा नळ दाखवला आणि कमोड बघायला त्यानंही डोकं आत घातलं. ज्वारीची भाकरी, एण्णेगाई म्हणजे तेलातलं भरलं वांगं, आणि दही. इथलं जेवण आपल्यापेक्षा स्वस्त आहे आणि भाकरी पातळ.

तिसऱ्या दिवशी उजाडताच गोलघुमट. सकाळी लवकर उघडतो, तिकीट किरकोळ आहे, आणि त्या वेळी गर्दी नसते. लोक तिथं नऊनंतर जातात, प्रतिध्वनी ऐकायला किंचाळतात आणि घामाघूम होऊन परत येतात. तुम्ही उजाडताच जा. बागेतून दारापर्यंत बऱ्यापैकी चालावं लागतं. महादेव नव्या चपलेनं, काठीनं, तीनदा थांबत पोचला.

आत जाऊन थंड फरशीवर तो बसला आणि मी जिन्याकडं बघितलं. सात मजले, अरुंद, उंच पायऱ्या. हे आम्हाला आधीपासून माहीत होतं, त्यावर घरी बोलणंही झालं होतं. तो चढू शकणार नव्हता. मीही जात नाही, असं मी म्हटलं. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की मी पदर खोचून निघाले.

वर पोचेपर्यंत मला धाप लागली होती. घुमटाच्या आतल्या गॅलरीतून खाली वाकून बघितलं. तेवढ्या मोठ्या मोकळ्या फरशीवर एकटा माणूस बसलेला, शेजारी काठी. काडेपेटीएवढा दिसत होता. मला अचानक रडू यायला लागलं. तो तिथं आणि मी इथं, आणि मधे सात मजले, जे आता कायम राहणार होते. हे बरं होणार नाही, हे मला सहा वर्षं माहीत होतं. पण ते असं वरून कधी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात त्यानं मान वर केली. मी हात हलवला. त्यानं दोन्ही तळहात तोंडाशी नेले आणि हाक मारली. फाउंड्रीत यंत्रांच्या आवाजावरून माणसं हाका मारतात तशी, छातीतून.

"शैला, सावकाश उतर!"

घुमटानं ते उचललं आणि माझ्या भोवती फिरवलं. उतर, उतर, उतर. आदल्या दिवशी ज्याला माझ्या नावातलं एक अक्षर जमत नव्हतं, त्याचा आवाज त्या इमारतीला पुरून उरत होता. गॅलरीत दुसऱ्या टोकाला एक जोडपं होतं, ते हसायला लागलं. मीही. सहा वर्षं या माणसाला सगळे सांगत आलेत, सावकाश उठ, सावकाश बस, सावकाश चाल. मी खरंच सावकाश उतरले.

दहाच्या आत इब्राहिम रोझा या मकबऱ्याजवळच्या एका कडुलिंबाखाली गाडी लावली. जाळी बांधली, झरोका पूर्वेकडं, पंखा चालू. पॅनेलची मात्र गोष्ट आता कळली होती. गाडी अशी उभी केली की पॅनेलवर ऊन आणि पलंगावर सावली. दुपारी एकला बाहेर बेचाळीस, आत तीस. कूलर कोरड्या हवेत शांतपणे चालत होता. महादेव तीन तास गाढ झोपला आणि मी ओट्यावर कोकम सरबत करून पीत बसले. त्या दुपारची हकिकत एवढीच. बाहेरचं सगळं शहर दारं लावून आत बसलं होतं, आणि आम्ही पत्र्याच्या गाडीत, उघड्या झरोक्यापाशी, मजेत होतो. माझ्या मते हा आमच्या सहलीचा सगळ्यात चांगला दिवस.

चौथ्या दिवशी पहाटे पाचला निघालो. अथणीच्या अलीकडं शेडपाशी थांबलो, पण कुलूप होतं. शेवटचा माल उतरवून गौरव्वा बाजाराला गेली असणार. जाळीच्या तारेत घरून नेलेली कोल्हापुरी गुळाची छोटी ढेप अडकवून ठेवली आणि पुढं निघालो. साडेदहाला घरी.

आता तुमच्यासाठी. ही हकिकत वाचून कोणी आजारी माणसाला उन्हात घेऊन निघू नका. आमच्या डॉक्टरांना आम्ही जाण्याआधी विचारलं होतं आणि आल्यावरही सगळं सांगितलं. माझी बेपर्वाई ऐकून त्यांनी मला चार शब्द सुनावले, ते मला मान्य आहेत. बॅटरीची क्षमता मी दुप्पट करून घेतलीय, जादा पट्टा आता गाडीतच असतो, आणि जमिनीवर ठेवायचं, लांब वायरीचं दुसरं पॅनेल घेतलंय, म्हणजे गाडी सावलीत आणि पॅनेल उन्हात. पण घरात बसून राहा, असं मी कोणालाही सांगणार नाही. तो सल्ला देणारे पुष्कळ आहेत, त्यांना माझी गरज नाही.

घरी आल्यावर महादेव दोन दिवस अंथरुणातून उठला नाही. इतका थकवा, की घास उचलायला मी लागायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आण्णा खोलीत आले. सहलीनंतर पहिल्यांदाच. ते पलंगाशेजारी खुर्चीवर बसले, बराच वेळ त्याच्या पायांकडं बघत राहिले. मग ते म्हणाले, बघितलंस न्हवं, चार दिवसांच्या हौसेपायी दोन दिवस पडून राहायची पाळी आली.

महादेवनं डोळे उघडले. आवाज बारीक होता, पण अडखळत नव्हता.

"चारातनं दोन गेलं," तो म्हणाला. "तरी दोन उरलं की, आण्णा. मागल्या सहा वर्सांत एक बी उरला नव्हता."